हात, तोंड आणि माणूस : स्वराज्याच्या उंबरठ्यावरची मॉरिशसची आरोग्ययोजना

१९६० च्या जानेवारी-फेब्रुवारीत मॉरिशस बेटावर लागोपाठ दोन चक्रीवादळे आदळली. पहिले ॲलिक्स, दुसरे कॅरल. उभा ऊस आडवा झाला, हजारो घरे कोसळली आणि त्या वर्षीचे साखर उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्यावरही पोहोचले नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या जेमतेम पाव हिश्शाएवढा हा मुलूख. त्याच्या निर्यातीच्या उत्पन्नातला नव्वद टक्क्यांहून मोठा वाटा एकट्या साखरेचा. वारणाकाठच्या वाचकाला हे संकट समजावून सांगण्याची गरज नाही. एकाच पिकावर उभ्या असलेल्या मुलखात पीक गेले की काय काय जाते, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्याच वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक रिचर्ड टिटमस आणि त्यांचे सहकारी ब्रायन एबल-स्मिथ यांनी टोनी लाइन्स यांच्या मदतीने तयार केलेला एक अहवाल मॉरिशसच्या गव्हर्नरला सादर झाला. बेटावर ब्रिटिशांचा अंमल अजून होता, पण तो फार काळ टिकणार नाही हे सगळे जाणून होते. उद्या स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या या लोकांना आजारपणात, बाळंतपणात, म्हातारपणात आणि बेकारीत कोणता आधार द्यायचा, आणि तो या बेटाच्या ऐपतीत कसा बसवायचा, हा अहवालाचा विषय. या अहवालाने वर्तवलेले भविष्य पुढे साफ खोटे ठरले. ते खोटे ठरले याचे श्रेय बऱ्याच अंशी त्याच अहवालातल्या विचाराला जाते, असे माझे म्हणणे आहे. आणि त्या विचाराशी महाराष्ट्राचा संबंध वरवर दिसतो त्याहून कितीतरी जवळचा आहे.

संबंधाचा पहिला धागा माणसांचाच आहे. १८३५ साली मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली आणि ऊसमळ्यांना हात कमी पडू लागले. ते हात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून कराराने नेले गेले. १८३४ पासून पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतली मराठी कुटुंबे होती. संख्येने ती थोडी, पण त्यांनी भाषा आणि गणपती दोन्ही टिकवले. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला आजही सरकारी सुट्टी असते. या माणसांच्या आरोग्याची जबाबदारी कायद्याने मळेवाल्यावर टाकलेली होती. मळ्यावर दवाखाना ठेवणे त्याला बंधनकारक होते. कागदावर ही तरतूद दयाळू वाटते. पण त्याच कायद्यांच्या चौकटीत ‘दुहेरी कपात’ नावाची पद्धत होती : मजूर एक दिवस कामावर आला नाही की त्या दिवसाची मजुरी तर जाईच, वर आणखी एका दिवसाची कापली जाई. आजारपण सिद्ध करता आले नाही की तो गैरहजर. म्हणजे जो दवाखाना चालवणार, तोच मजुरी कापणार, आणि माणूस आजारी आहे की कामचुकार हे ठरवण्यात वजन त्याचेच. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ याने मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारदरबारी नेला. त्यातून पुढच्या वर्षी फ्रेअर आणि विल्यमसन यांचा शाही आयोग नेमला गेला. आयोगाने मजुरांच्या छळाची आणि या दवाखान्यांच्या दुरवस्थेची दखल घेतली. तरीही दुहेरी कपात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली. मळेवाल्याच्या हिशेबात मजूर म्हणजे हात होते, आणि हाताचे आजारपण म्हणजे नुकसान. ही सुरुवात लक्षात ठेवल्याशिवाय शंभर वर्षांनंतरच्या योजनेचे मोल कळत नाही.

मळ्याचा दवाखाना काय करू शकत नव्हता, ते १८६६-६७ च्या साथीने दाखवून दिले. तोवर मलेरियापासून मुक्त असलेल्या या बेटावर डास आणि रोग दोन्ही पोहोचले, आणि एकट्या १८६७ या वर्षात लोकसंख्येचा जवळपास दहावा हिस्सा दगावला. त्यानंतर मलेरिया तिथे कायमचा रहिवासी झाला. मलेरियाचा डासाशी असलेला संबंध सिकंदराबादेत सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस १९०७ च्या अखेरीस खास याच कामासाठी मॉरिशसला गेले आणि १९०८ मध्ये त्यांनी प्रतिबंधाचा सविस्तर अहवाल लिहिला. तो अमलात आणण्याइतका पैसा आणि इच्छा वसाहतीच्या सरकारकडे नव्हती. अंकुशकृमी आणि त्यामुळे होणारा रक्तक्षय हा दुसरा घरभेदी रोग. त्याविरुद्ध १९२० च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनने मोहीम काढली, पण उघड्यावर शौच आणि अनवाणी मजूर ही मूळ परिस्थिती तशीच राहिल्याने कृमी परत येत राहिले. १९४५ हे तर विलक्षण वाईट वर्ष होते : चक्रीवादळे, वर पोलिओची साथ. १९४२ ते १९४६ या काळात जन्मलेल्या मुलाचे सरासरी अपेक्षित आयुर्मान बत्तीस-तेहतीस वर्षांचे होते. मग १९४९ ते १९५१ या काळात डीडीटीची बेटभर फवारणी झाली आणि मलेरियाचा कणा मोडला. १९४० च्या दशकाच्या मध्यावर दर हजारी तीसच्या घरात असलेला मृत्युदर १९५० पर्यंत चौदाच्या आसपास उतरला. जन्मदर मात्र होता तिथेच, किंबहुना थोडा वर. निरोगी बायकांची बाळंतपणे सुखरूप होऊ लागली आणि जन्मलेली मुले जगू लागली. १९४४ च्या जनगणनेत ४ लाख १९ हजार असलेली लोकसंख्या १९५२ मध्ये पाच लाखांवर आणि १९६२ मध्ये ६ लाख ८२ हजारांवर गेली. मृत्युदर असा उतरण्यामागे एकटी फवारणी होती की युद्धानंतर सुधारलेला आहार आणि दवाखानेही होते, यावर अभ्यासकांत वाद आहे. माझ्या मते दोन्ही होते. पण परिणामाबद्दल वाद नव्हता. दर वर्षी तीन टक्क्यांनी माणसे वाढत होती आणि ऊस मात्र तेवढाच होता.

याच सुमारास सत्तेची किल्ली हळूहळू हात बदलत होती, आणि ती डॉक्टरांच्या हाती येत होती ही गोष्ट सहज सोडून देण्यासारखी नाही. मजूर पक्षाची स्थापना १९३६ साली डॉ. मॉरिस क्युरे यांनी केली. पुढे त्या पक्षाचे नेते आणि देशाचे पहिले पंतप्रधान झालेले सिवसागर रामगुलाम हेही लंडनमध्ये वैद्यक शिकून १९३५ मध्ये परतलेले डॉक्टर. १९४८ च्या निवडणुकीत साक्षरतेच्या अटीवर मताधिकार रुंदावला, १९५९ मध्ये प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. मत मिळालेला मजूर मागण्या करू लागला. १९५० मध्ये सुरू झालेले वृद्धांचे निवृत्तिवेतन १९५८ मध्ये मिळकतीची अट काढून सर्वांना लागू झाले होते. त्या काळच्या वसाहतींत ही अपवादात्मक गोष्ट होती. आता आजारपणाचा भत्ता, बाळंतपणाचा भत्ता, मुलांसाठी मदत, मोफत उपचार अशा मागण्या पुढे आल्या. मजूर पक्षाला त्या मान्य करायच्या होत्या, मळेवाल्यांना कर द्यायचा नव्हता, आणि ब्रिटिश सरकारला जाता जाता मोठा खर्च गळ्यात पडायला नको होता. या तिढ्यात टिटमस यांना पाचारण झाले. विद्यापीठाची पदवी नसलेला, विमा कंपनीत कारकुनी करता करता मृत्यूच्या आकड्यांचा अभ्यासक झालेला हा माणूस ब्रिटिश कल्याणकारी राज्याचा सर्वांत प्रभावी विचारवंत मानला जाई. त्याच वेळी अर्थव्यवस्थेचा विचार करायला जेम्स मीड यांचे पथक आले. पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळवलेल्या मीड यांचा निष्कर्ष काळवंडलेला होता : लोकसंख्या आवरली नाही तर या बेटावर शांततेने प्रगती होण्याची आशा फारशी नाही.

टिटमस यांचा आकडा मीड यांच्याइतकाच भयंकर होता. जन्मदर असाच राहिला तर शतकाच्या अखेरीस बेटावर तीस लाखांच्या जवळपास माणसे असतील, असा त्यांचा हिशेब होता. अशा हिशेबातून दोन वाटा निघतात. एक वाट म्हणते : माणसे फार झाली, तेव्हा कल्याणाच्या योजना आखडा; भत्ते दिले तर लोक आणखी मुले काढतील. दुसरी म्हणते : आधी मुले थांबवा, मग दवाखाने बांधू. टिटमस यांनी दोन्ही नाकारल्या, आणि इथेच त्यांच्या अहवालाचे खरे मोल आहे. त्यांचा युक्तिवाद असा की मूल जगेल याची खात्री नसलेली आई कमी मुलांवर थांबणार नाही. म्हातारपणी कोणी बघणार याची खात्री नसलेला बाप मुलगा होईपर्यंत थांबणार नाही. आणि आजारपणात मजुरी बुडणारे घर कमावत्या हातांची संख्या वाढवण्यातच शहाणपण पाहील. म्हणून आरोग्यसेवा, निवृत्तिवेतन, बाळंतपणाची मदत आणि संततिनियमन ही चार वेगवेगळी खाती नाहीत, एकाच योजनेचे अवयव आहेत. संततिनियमनाचा सल्ला आणि साधने सरकारी आरोग्यसेवेतून, जिथे बाई बाळाला लस टोचायला येते त्याच जागी मिळावीत. बाळंतपणाचा आणि कुटुंबाचा भत्ता द्यावा, पण तो अशा बेताने की दोन मुलांत अंतर ठेवण्याला आणि लग्न थोडे उशिरा करण्याला बळ मिळावे. मोठ्या कुटुंबाला शिक्षा नाही, छोट्याला उत्तेजन. सुचवलेल्या भत्त्यांच्या अटींत वसाहती अधिकाऱ्यांचा पितृभाव डोकावतो, हे मी नाकारत नाही. पण मळेवाल्याने ज्यांना हात म्हणून मोजले आणि अर्थशास्त्रज्ञ ज्यांना तोंडे म्हणून मोजत होते, त्यांना हा अहवाल रुग्ण, आई आणि नागरिक म्हणून मोजत होता. त्या काळी हे साधे नव्हते.

अहवाल आला आणि वादळ उठले. बेटावर सुमारे निम्मे हिंदू, सुमारे तिसरा हिस्सा कॅथलिक आणि सहावा हिस्सा मुसलमान. कॅथलिक चर्चने कृत्रिम साधनांना धर्माच्या आधारे विरोध केला, मुसलमानांतूनही आक्षेप आले. पण धर्माच्या आड दुसरी भीती होती आणि ती अधिक खरी होती. प्रौढ मताधिकारात डोकी म्हणजे मते. कोणत्या समाजाची डोकी कमी होणार? प्रत्येकाला वाटे, आपली. सरकारने संततिनियमन थेट आरोग्य खात्यात घेण्याचे टाळले. यावरून टिटमस यांची योजना फेटाळली गेली, असा निष्कर्ष काही जण काढतात. माझ्या मते घडले ते वेगळे. १९५७ मध्येच कुटुंबनियोजन संस्था स्थापन झाली होती. १९६३ मध्ये कॅथलिकांनी स्वतःची ‘आक्सियों फामिलियाल’ ही संस्था काढली. ती नैसर्गिक पद्धती, म्हणजे पाळीचे दिवस मोजून संयम पाळण्याची रीत शिकवी. सरकारने यांपैकी एकीची बाजू घेतली नाही. दोघींना अनुदान दिले. ज्या चर्चने विरोधाचा झेंडा उभारला होता, तेच आता आपल्या पद्धतीने घरोघर कमी मुलांचा सल्ला देऊ लागले. जुलै १९६८ मध्ये पोपनी कृत्रिम साधनांवरची बंदी पुन्हा ठामपणे जाहीर केली, तेव्हाही मॉरिशसमध्ये हे काम थांबले नाही, कारण कॅथलिक बाईसाठी धर्माला मान्य असा दरवाजा आधीच उघडलेला होता. अहवाल ज्यांच्या कारकिर्दीत आला ते गव्हर्नर कॉल्व्हिल डेव्हरेल तर पुढे आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व महासंघाचे महासचिव झाले. आणि १९७२ मध्ये, लोक सरावल्यावर, सरकारने कुटुंबनियोजन संस्थेची केंद्रे आरोग्य मंत्रालयात सामावून घेतली. टिटमस यांनी जिथे सुरुवात करायला सांगितली होती तिथे देश बारा वर्षांनी पोहोचला. पण भांडत, पटवून घेत, स्वतःच्या पायांनी पोहोचला.

या बारा वर्षांत जे घडले ते आकड्यांत असे आहे. १९६३ च्या सुमारास एका बाईमागे सरासरी सहाहून अधिक मुले होती. १९७२ मध्ये ती ३.४ वर आली. एवढ्या वेगाने आणि कोणत्याही सक्तीशिवाय झालेली घट त्या काळात जगात फार थोड्या ठिकाणी दिसते. २००० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली सुमारे ११ लाख ८० हजार. तीस लाखांचे भाकीत कागदावरच राहिले. यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की ही किमया आरोग्ययोजनेची नाही, उद्योगांची आहे : मॉरिशसने निर्यात प्रक्रिया क्षेत्र उभारले, कपड्यांच्या कारखान्यांत बायकांना काम मिळाले, म्हणून मुले कमी झाली. कालक्रम पाहिला की हा आक्षेप टिकत नाही. त्या क्षेत्राचा कायदा १९७० चा, आणि बायका त्या कारखान्यांत मोठ्या संख्येने गेल्या त्या पुढच्या दशकात. घट मात्र १९७२ पर्यंत बरीचशी होऊन गेली होती, आणि तीही साखरेच्या, बेकारीच्या, १९६८ च्या जानेवारीतल्या दंगलीच्या काळात. उलट मला असे दिसते की कारखान्यांना ज्या निरोगी, शिकलेल्या, दोन-तीन मुलांवर थांबलेल्या कामगार बायका मिळाल्या त्या आधीच्या दहा वर्षांतल्या दवाखान्यांनी आणि शाळांनी घडवल्या. मुलींच्या शाळेचा वाटा मोठा आहे हे मान्य. लग्नाचे वय वाढल्यामुळेही घट झाली. पण शाळा आणि दवाखाना हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हते. एकाच राज्याने, एकाच मतदाराच्या दबावाखाली, दोन्ही उभे केले होते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि त्याला अर्धे उत्तरच देता येते. लोकसंख्येचा गजर करणे वसाहतवाल्यांच्या सोयीचे होते, असे टीकाकार म्हणतात. ‘माणसे फार झाली’ असे म्हटले की ‘जमीन थोड्यांच्या हाती आहे’ हे बोलावे लागत नाही. मॉरिशसमधले मोठे मळे आणि साखर कारखाने फ्रेंच वंशाच्या मोजक्या घराण्यांकडे होते, आणि टिटमस काय किंवा मीड काय, कोणीही त्या मालकीला हात घातला नाही. हा आरोप मला खरा वाटतो. त्या अहवालाचे भय अतिरंजित होते आणि त्याची नजर जमिनीवरून सोयीस्कर सरकली होती. परंतु रामगुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अहवाल वाचला तो वेगळ्या रीतीने. निर्यातीच्या साखरेवर कर होता. त्या उत्पन्नातून निवृत्तिवेतन, मोफत उपचार आणि शिक्षण चालवणे, म्हणजे जमीन न वाटताही तिच्या उत्पन्नाचा एक हिस्सा वाटणे, हा मार्ग त्यांनी घेतला. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या विरोधात चाळीस टक्क्यांहून अधिक मते पडली. इतक्या दुभंगलेल्या देशात जमिनीचा प्रश्न उघडला असता तर काय झाले असते, याबद्दल मी ठामपणे काही म्हणणार नाही. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला, आणि १९६९ मध्ये पांपलमूस इथे रामगुलाम यांच्या नावाचे मोठे रुग्णालय सुरू झाले. एक मोठा डाग मात्र या कहाणीवर आहे आणि तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्वातंत्र्याच्या वाटाघाटींत, १९६५ मध्ये, ब्रिटनने चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडून घेतला आणि पुढच्या आठ वर्षांत तिथली सगळी माणसे हुसकावून लावली. त्यांतली बरीचशी पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत येऊन पडली. कल्याणाच्या कोणत्याही योजनेत त्यांचा हिशेब धरलेला नव्हता. त्यांना कोणी हात म्हणूनही मोजले नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू. स्वराज्याच्या उंबरठ्यावर आरोग्याची योजना आखण्याचे काम भारतात मॉरिशसच्या चौदा वर्षे आधी झाले होते, आणि ते ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाले ते सर जोसेफ भोर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तिचे सूत्र होते. आज गावोगाव दिसणारे प्राथमिक आरोग्य केंद्र हे तिचेच अपत्य. अल्पकालीन योजनेत चाळीस हजार लोकांमागे एक केंद्र तिने सुचवले होते. संततिनियमनाचा विचार तर आपल्याकडे त्याहून जुना. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांच्या लेखी हा प्रश्न देशाच्या लोकसंख्येचा नव्हता, बाईच्या आरोग्याचा आणि तिच्या इच्छेचा होता. टिटमस जे १९६० मध्ये म्हणत होते त्याचा गाभा कर्वे चाळीस वर्षे आधी एकट्याने सांगत होते आणि त्यापायी नोकरी गमावत होते. म्हणजे विचारांची उणीव आपल्याकडे नव्हती. तरीही १९६६ मध्ये केंद्र सरकारने कुटुंबनियोजनाचे वेगळे खाते केले, लक्ष्ये ठरवली, तलाठ्यापासून शिक्षकापर्यंत सगळ्यांना ‘केसेस’ आणायला जुंपले, आणि भोर समितीचे केंद्र मात्र औषधांवाचून, डॉक्टरांवाचून अर्धपोटी राहिले. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही, पण असे विधेयक संमत करणारे पहिले राज्य हे स्थान आपल्याकडे आले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर कुटुंबनियोजन हा शब्द उच्चारायला पुढारी कित्येक वर्षे कचरत राहिले. मॉरिशसच्या सरकारने विरोधकांनाच अनुदान देऊन कामाला लावले. आपण आणीबाणीत विरोधकांना तुरुंगात ठेवून काम उरकले, आणि ते उरकलेही नाही.

यावर कोणी म्हणेल की सात लाखांच्या बेटाची तुलना साठ कोटींच्या देशाशी करणे बरोबर नाही. लहान देशाला चूक लवकर दिसते, सुधारता लवकर येते, हे खरे आहे. पण लहान देशाचे सगळेच सोपे असते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७३ मध्ये मॉरिशसला मलेरियामुक्त जाहीर केले, पाळत सैल झाली, १९७५ मध्ये गर्व्हेज चक्रीवादळ आले आणि मलेरिया परतला; १९८२ मध्ये सहाशेहून अधिक रुग्ण सापडले. तो पुन्हा हटवायला आणखी पंधरा वर्षे लागली आणि विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांची तपासणी आजही चालू ठेवावी लागते. शिवाय तुलना देशाशी करायलाच हवी असे नाही. केरळची लोकसंख्या मॉरिशसच्या कितीतरी पट; तिथेही दवाखाने, मुलींची शाळा आणि मजुरांच्या हक्कांच्या चळवळी यांच्या जोडीने जन्मदर उतरला. आकार मोठा म्हणून सक्ती करावी लागते, हे कारण दिसते तितके भक्कम नाही.

हे सगळे वारणानगरात बसून लिहिण्याला एक निकडीचे कारण आहे. दर दिवाळीनंतर वारणा, पंचगंगा, कृष्णा यांच्या काठी बीड, धाराशिव, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि एक दिवस काम चुकले की खाडा. ती दुहेरी कपात मॉरिशसमध्ये शंभराहून अधिक वर्षांपूर्वी संपली. इथे खाड्याचे पैसे आजही उचलीत चढतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तपासणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीचा, अंगावरून जाण्याचा त्रास झाला की दिवस बुडतो आणि खाडा पडतो, म्हणून अवयवच काढून टाकायचा. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ झाले आहे, गाळलेल्या उसाच्या टनामागे त्यासाठी रक्कम ठरली आहे. पण टोळी हंगामात एका जिल्ह्यात आणि पावसाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यात असते, आणि तिच्या मागे फिरणारी आरोग्यसेवा अजून उभी नाही. ती कारखान्याच्या मर्जीवर आणि मुकादमाच्या माणुसकीवर सोडता येणार नाही. मळ्याच्या दवाखान्याचा पाऊण शतकाचा अनुभव त्याविरुद्ध साक्ष देतो. पडावर येणारी सरकारी परिचारिका, एका जिल्ह्यातली नोंद दुसऱ्या जिल्ह्यात चालेल असे आरोग्यपत्र, आजारपणाच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांची भरपाई, आणि खाड्यावर कायद्याने बंदी, एवढी मागणी साखरपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने येत्या हंगामाआधी ठराव करून सरकारकडे पाठवावी.